दिवेलागणीचं दार

१६ एप्रिल, मंगळवार

आलं: एसी एक, आतला डबा नि बाहेरचा डबा. तांब्याची नळी. विजेचं वेगळं मीटर. भिंतीला चिकटवायच्या पांढऱ्या डब्या, काड्यापेटीएवढ्या. त्या म्हणे उकाडा आणि दमटपणा मोजतात. एसी फुकट, लेकीच्या, मनूच्या कंपनीचा. डब्याही त्यांच्याच. बाहेरच्या डब्याला लोखंडी स्टँड मात्र आपल्याकडून, ९००. नारळ ४५. फिटर लोकांना चहा दोनदा, दूध अर्धा लिटर जादा. भोक बुजवायला पांढरं सिमेंट घरातच होतं, बरं झालं.

फुकट म्हणजे तसं फुकट नव्हेच. मनूची कंपनी अंधेरीला. घर बांधायच्या आधी ते कॉम्प्युटरात बांधतात आणि त्याला वीज किती लागेल ते काढतात. आता लहान घरांतल्या एसीचं काढायचंय. त्यासाठी एक खरं, माणसं राहतात असं घर हवं होतं. मनू म्हणाली, आपलंच देऊ. साहेबांनी अट घातली: कॉम्प्युटरातलं आणि खरं जुळलं तर मशीन पावसाळ्यातही इथेच राहील, पुढे जुन्याच्या भावात मिळेल. नाही जुळलं तर काढून दुसऱ्या घरी.

मी हो म्हटलं ते ह्यांच्यासाठी. दिवाळीत झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. वर पत्रा. मार्चपासून पाठभर पुरळ, कुशीला जखम. डॉक्टर म्हणाले गार ठेवा. ओल्या पंच्याने किती गार ठेवणार.

मशीनला हळदकुंकू वाहिलं. फिटर म्हणाला, काकू, लोक आधी रिमोट मागतात, तुम्ही नारळ आणलात.

१७ एप्रिल, रामनवमी

ह्यांना सकाळी हाक मारून उठवावं लागलं. दिवाळीपासून पहिल्यांदा. मला गुडघ्यांना शाल बांधून बसावं लागलं, ते राहू दे. सुंठवडा केला, ह्यांना जिभेवर चिमूटभर.

दारं-खिडक्या दिवसभर बंद, मनूचा हुकूम. चौकातला आवाजच येत नाही. नळावर कोण कोणाशी भांडतंय ते आधी आतूनच कळायचं.

१८ एप्रिल

दिवा लावला. चौकापलीकडचे परब भाऊजी देवळातून येताना नेहमीसारखे उंबऱ्याशी थांबले. "काय रे बाबल, बरो मां?" हे म्हणाले, "येवा."

एवढा एकच शब्द परत आलाय. शिवरात्रीच्या सुमारास आला. माझं नाव नाही, मनूचं नाही, पाणी नाही. आणि आला तो मालवणी. चारकोपला येऊन आयुष्य गेलं, कारखान्यात हिंदी बोलले, पोरीशी मराठी, आणि राहिलं काय तर गावचं "येवा". तोही फक्त दिवेलागणीला, दारात कोणी उभं राहिलं तर. दुपारी डॉक्टर आले तरी नाही.

बोलणं शिकवणारी मुलगी दर मंगळवारी येते. ती म्हणते, काकू, हा धागा सोडू नका. त्याला धरून बाकीचं येईल. आणि पहिल्या वर्षात यायचं ते येतं, पुढे फार हळू. म्हणजे दिवाळीपर्यंत.

परब भाऊजी आत येईनात. "माका थंडी वाजता. तुमच्या घरात हिमालय झालो."

२१ एप्रिल, रविवार

मनूने लॅपटॉपवर आपलं घर दाखवलं. रेघांचं घर. पत्रा आहे, स्वयंपाकघर आहे, पोटमाळासुद्धा. मला जेवढं कळलं तेवढं लिहिते.

जुना एसी म्हणजे चालू नाहीतर बंद. हा तसा नाही, ह्याचा गॅस बारीक-मोठा होतो. खोली तापली की मोठा, गार झाली की बारीक, आणि बारीकवर वीज फारच कमी खातो. हे मला लगेच पटलं. वरण कोणी मोठ्या गॅसवर ठेवत नाही.

"मग अडतंय कुठे?" म्हटलं.

"आई, खरं मशीन उतारावरून जातं, हळूहळू. सॉफ्टवेअरला पायऱ्याच कळतात. प्रत्येक पायरीला गारवा किती नि वीज किती ते आपण भरायचं. मधलं तो अंदाजाने काढतो. तो अंदाज खरा का, ते आपल्या घरावर बघायचंय."

"ह्यात माणसं कुठायत?"

"ही काय. एक बसलेलं, एक उभं राहून काम करणारं. माणसाच्या अंगाची उष्णता धरावी लागते."

"बसलेले म्हणजे हे?"

"हो."

"आणि तू?"

"मी रात्री नऊनंतर. आडवी."

हसली. बऱ्याच दिवसांनी. देव धरलेले नाहीत. म्हणाली, फळी तर आहे एवढीशी.

चारला शिकवणीला गेली, बोरिवलीला. रविवारची संध्याकाळसुद्धा विकली पोरीने.

२५ एप्रिल

जुळत नाही.

पडद्यावर दोन रेघा. हिरवी कॉम्प्युटरातल्या घराची, लाल आपल्या घराची. दिवसभर दोघी हातात हात घालून चालतात. संध्याकाळ झाली की लाल एकदम वर. मशीन मोठ्या गॅसवर जातं आणि तासन्‌तास खाली येत नाही. मनूने मीटर बदलून आणलं. डब्या स्वयंपाकघरापासून लांब लावल्या. काही नाही.

"आई, तू संध्याकाळी काय करतेस?"

"काही नाही. दिवा लावते."

"दिव्याने काय होणार. कुकर?"

"कुकर सकाळी."

"भाकऱ्या?"

"आठनंतर."

तरी दिवासुद्धा भरला तिने, एक वात, तेलाची. रेघ तसूभर हलली नाही. अर्धी भाकरी ताटात टाकून उठली. मी ती सकाळी दुधात कुस्करून खाल्ली.

२८ एप्रिल

साहेबांचा फोन. मनू पोटमाळ्यावर बोलत होती, तरी ऐकू येतंच. घर बरोबर नाही, नमुना बदलू, असं चाललंय. खाली आली तेव्हा डोळे लाल. म्हटलं, तुझा एवढा अभ्यास. तर माझ्यावरच उसळली, "आई, अभ्यासाने नाही होत सगळं."

ह्यांची पाठ निवळली. कुशीची जखम भरत आली. मशीन गेलं तर मे महिना कसा काढणार. बाप्पाला सांगून ठेवलं.

१ मे

मनूला सुट्टी. शिकवण्याही आता परीक्षा संपल्याने बंद. संध्याकाळी खोलीतच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती, लाल रेघ कधी उडते ते बघत. मी हातपाय धुतले, वात केली, दिवा लावला, नमस्कार केला. दार सताड उघडलं.

"आई!"

मला वाटलं पाल पडली.

"आई, दार उघडलंस."

"मग? दिवा लावला ना."

"रोज उघडतेस?"

"रोज म्हणजे काय? लक्ष्मी यायच्या वेळेला दार लावतं का कोणी?"

"मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. दिवा लावते म्हटलं."

ती बघतच राहिली. मग हसायला लागली, हसता हसता डोळे पुसले. म्हणाली, मी पहिलीपासून ह्याच उंबऱ्यावर बसून परवचा म्हटलाय. उघड्या दारात. आणि सगळ्या भिंती भरल्या, पत्र्याचा रंगसुद्धा भरला, दार मात्र बंद धरलं. दिवा म्हटल्यावर दार आलंच, हे मला कळायला नको?

मलाही कळलं नाहीच. माझ्या डोक्यात ते दार उघडणं नव्हे, दिवा लावणंच.

तेवढ्यात परब भाऊजी. "काय रे बाबल, बरो मां?" "येवा." मागे मशीन घोंघावतंय, बाहेरची दमट हवा आत. मनू एक डोळा पडद्यावर ठेवून बापाकडे बघत होती. हा शब्द तिने आज पहिल्यांदा ऐकला. मी सांगितलं होतं, पण ती घरी असते कधी.

२ मे

साहेब म्हणाले, उत्तम, कारण सापडलं. आता दोन आठवडे दार बंद ठेवा.

मनूने हे जेवताना सांगितलं, ताटाकडे बघत.

"दिवेलागणीला?"

"दोनच आठवडे, आई."

"ह्या घरात आल्यापासून मी दिवेलागणीला दार लावलेलं नाही. तुझी आजी गेली त्या दिवसांतसुद्धा."

"माहितीये मला. लक्ष्मी फटीतून येईल ना. दाराखाली फट आहे, ती मी धरली आहे."

"माझ्या लक्ष्मीला फटीतून यायला लावतेस?"

दोघी हसलो. मग कोणीच हसेना. मी म्हटलं, बाबांच्या शब्दाचं काय? ती म्हणाली, परबकाकांना आत बोलव, दार लावून घे, झालं. आणि मशीन गेलं तर? पाठीला पुन्हा होईल ते?

हो म्हटलं. दोन आठवडे. देवाला सांगितलं, राग धरू नको, हे घरच्या माणसासाठी.

३ मे

दिवा लावला. दार बंद. निरांजन घेऊन दारापर्यंत गेले नि कडीकडे बघत उभी राहिले. मूर्खासारखं वाटलं.

हे दाराकडे बघत होते. बाहेर परब भाऊजींच्या चपला वाजल्या, थांबल्या, पुढे गेल्या.

४ मे

परब भाऊजींना सांगून आले, कडी वाजवा नि आत या. आले. खुर्चीवर बसले, हात काखेत घालून. "काय रे बाबल, बरो मां?" ह्यांनी बघितलं. नुसतं बघितलं. शेजारी बसलेल्या माणसाला येवा कसं म्हणणार? आलेलाच आहे तो.

भाऊजी थोडा वेळ बसले, शिंका आल्या, गेले.

६ मे

गोराईची मासेवाली बरेच दिवस दिसली नाही म्हणून नाक्यावर गाठली. म्हणाली, "बाय, दार लावलेला दिसला, मना वाटला गावाला गेल्या तुमी." बोंबील घेतले, तिने वर दोन घातले. दाराशी आली असती तर चार घातले असते.

७ मे

बोलणं शिकवणारी आली. आकडे म्हणून घेतले, वार म्हणून घेतले. नाही. "तो शब्द?" तिने विचारलं. म्हटलं, सध्या नाही. कारण सांगितलं. तिने वहीत लिहिलं.

पाठ मात्र स्वच्छ. तिनेही बघितली. म्हणाली, छान ठेवलंय हो बाबांना.

१० मे, अक्षय तृतीया

पुरण नाही केलं, आमरसावर भागवलं. देवाला पाण्याचा घट. संध्याकाळी परबांकडे वाटीभर आमरस द्यायला चौक ओलांडून गेले. दिव्याचीच वेळ. मनूने मला एक काम सांगितलं होतं: साहेबांना पटवायचंय की हे आपल्याच घराचं नाही, आमच्याकडे सगळेच त्या वेळी दार उघडतात, म्हणून ते हिशेबात धरलंच पाहिजे. तेवढं बघून ये.

मीच तिला म्हणाले होते, सगळेच उघडतात.

सगळी दारं बंद. पूर्ण चौक. ज्यांच्या सासवांनी मला नवी नवरी असताना उंबरा दाखवला त्यांचीसुद्धा. बाहेर डबे घोंघावतायत, खाली पाणी ठिबकतंय, कोणी त्याखाली बादली लावलीय. दिवे लागलेत आत, काचेतून दिसतात. उघडं एकच, परबांचं. त्यांच्याकडे एसी नाही.

हे कधी झालं? मी रोज दारात उभी राहते नि मला दिसलं नाही. आपलं दार उघडं असलं की समोरचंही उघडंच वाटतं, तसं काहीतरी.

मनूला म्हटलं, ते सगळ्यांचं वाक्य काढून टाक.

"कितीजण उघडतात मग?"

"आपण उघडत होतो."

१४ मे

जुळलं.

हिरवी नि लाल, एकीवर एक. साहेबांनी मनूला सगळ्यांसमोर शाबासकी दिली म्हणे. पेढे आणते म्हणाली आणि आणले नाहीत.

"जुळलं ना?"

"जुळलं. बारीक गॅसवर सगळंच जुळतं, आई."

मग सांगितलं. दार बंद केल्यापासून मशीन वर चढतच नाही. खालच्या पायरीवर बसून असतं, मधेच बंद पडतं, पुन्हा खालच्याच पायरीवर. वरच्या पायऱ्यांचे आकडे तिने कंपनीच्या कागदावरून भरलेत. ते खरे का खोटे, कळायचा मार्ग नाही. "काही घडतच नाही म्हणून जुळतंय," म्हणाली. "आणि ह्यावरून हजार घरांचं बिल काढणार."

मी ह्यांना पेज भरवत होते. दोन चमच्यांच्या मधे ते दाराकडे बघतात. सवय.

१७ मे

दोन आठवडे झाले. साहेब म्हणतात, छान चाललंय, असंच पावसाळा संपेपर्यंत राहू दे. मशीन मग तुमचंच समजा.

मनू म्हणाली, "तू ठरव."

मी काय ठरवू. मी मॅट्रिक. सगळं ठरवून दमल्यावर माणसं म्हणतात तू ठरव. पाठ बघू का शब्द बघू. पाठ दिसते तरी.

दार उघडलं नाही.

१९ मे, एकादशी

आजही नाही. उपास. साबुदाणा महाग झाला, वरी केली. जप करताना लक्ष लागेना.

२१ मे

बोलणं शिकवणारी म्हणाली, काकू, रागावू नका, पण वापरलं नाही की जातं. हाताचं तसंच, जिभेचं तसंच. आधीच्यापेक्षा मागे गेलेत.

मग विचारलं, लहानपणी दिवेलागणीला ह्यांच्या घरी काय म्हणायचे, ठाऊक आहे का? जुनं पाठ झालेलं असतं ते कधी कधी एका झटक्यात येतं, गाण्यासारखं. परवचा, हाका, काहीही.

मला ठाऊक नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा हे मोठेच होते.

२२ मे

दार उघडलं. मनूला आधी फोन करून सांगितलं, आज उघडणार. म्हणाली, उघड. मग म्हणाली, किती वाजता उघडलंस ते फक्त लक्षात ठेव.

मशीन ओरडायला लागलं. समोरच्या घरातून कोणी तरी काचेतून बघितलं. परब भाऊजी चपला वाजवत आले, उंबऱ्याशी थांबले, मला बघून टोपी सारखी केली.

"काय रे बाबल, बरो मां?"

मी निरांजन धरून उभी. ह्यांनी बघितलं. ओठ हलले असं मला वाटलं.

नाही.

२४ मे

काल नाही. आज नाही. परब भाऊजींनाच आता राहवेना. "अरे म्हण मां. येवा. येवा म्हण." ह्यांनी मान भिंतीकडे फिरवली. भाऊजींना म्हटलं, असू दे, उद्या. ते म्हणाले, "वहिनी, माझाच चुकला. त्या थंडीत अजून चार दिवस बसाक होया होता."

तुम्ही बसून काय होणार होतं, भाऊजी. चूक असली तर कडीची.

२६ मे, रविवार, संकष्टी

मनू घरी. तिने कॉम्प्युटरातल्या घराला दार बसवलं. रोज दिवेलागणीला उघडतं, परवचा होईपर्यंत उघडं, मग बंद. त्या वेळेला नाव द्यावं लागतं म्हणे, तिने "दिवेलागण" असंच इंग्रजी अक्षरांत टाकलं. साहेब वाचतील तेव्हा वाचतील.

मी विचारलं, "ह्या दारातून येतं कोण?"

"हवा."

"आणि?"

"दमटपणा," म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "दुसरं काही भरायची सोय नाही गं."

आता लाल रेघ पायऱ्या चढते, वरपर्यंत जाते, उतरते. हिरवी तिच्या मागे धापा टाकत जाते, अगदी जुळत नाही. चौथ्या पायरीचा कागदावरचा आकडा चुकलाय, हे आता दिसतंय. मनूला त्याचाच आनंद. मला म्हणाली, "चूक दिसली की अर्धं काम झालं." दोन्ही मोजण्या साहेबांना पाठवल्या, बंद दाराची नि उघड्या दाराची. ते एकच पुढे पाठवणार. कुठली ते कळवतील. दार आता पुन्हा लावायचं नाही, तेव्हा उघड्या दाराची नको म्हणाले तर मशीन जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरवायला येणार.

चंद्रोदयाला मोदक, तळणीचे, थोडेच. ह्यांनी अर्धा खाल्ला.

३० मे

साहेबांचं उत्तर नाही. मनू उंबऱ्यावर बसली आणि लहानपणीसारखा परवचा म्हणाली, मोठ्याने. श्लोक, मग पाढे. ह्यांनी डोळे मिटले. पाढ्यांना काही नाही. श्लोकाच्या शेवटी घशातून काहीतरी आलं. शब्द नाही. सूर होता. मनू म्हणते होता. मी म्हणते खोकला असेल. आशा धरून धरून खांदे दुखतात.

अंथरुणाला पाठ टेकली की मला एक आठवतं. लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेले तेव्हाचं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून, हातात दिवा, खळ्याकडे तोंड करून काहीतरी म्हणायच्या. लांबवत. हाक पोरांना, का लक्ष्मीला, का वाटेने जाणाऱ्याला, कळायचं नाही. मी नवी, डोक्यावर पदर, शब्द कुठे ऐकतेय. चाल तेवढी कानात राहिली. सुरुवात "येवा"नेच होती का?

म्हणजे तो शब्द ह्यांचा नसेलच. आईचा असेल. आणि पुढे अजून असतील.

२ जून, एकादशी

साहेबांचं अजून काही नाही. फिटर मंगळवारी येणार का नाही, तेही नक्की नाही. संध्याकाळी दार उघडलं. परब भाऊजी येऊन गेले. नाही.

गावच्या मोठ्या जाऊबाईंना फोनवर ऐकू येत नाही. हाका मारून चौक गोळा होतो नि त्या आपल्या "पाऊस नाही, पाऊस नाही" सांगत राहतात. पत्रच लिहायचं. आधी इथे लिहून बघते, मग पाकिटावर खर्च.

ती. सौ. वहिनींस शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. ह्यांची पाठ बरी आहे, जेवण बरं आहे. मशीनचं काय होईल ते देवाला ठाऊक, मनू प्रयत्न करते आहे. ती रोडावली आहे, तुम्ही बघाल तर ओरडाल.

पत्र एका कामासाठी. सासूबाई दिवेलागणीला उंबऱ्यात उभ्या राहून काय म्हणायच्या? मला वाटतं सुरुवात "येवा"ने होती. तुम्ही त्यांच्या हाताखाली माझ्यापेक्षा जास्त राहिलात, दिवा तुम्हीच तयार करून द्यायचात. "येवा"च्या पुढे काय होतं? आणि पोरांनी त्यावर काय म्हणायचं असे, काही ओ द्यायची असे का? जसं म्हणायच्या तसंच लिहा, मालवणीतच, सुधारू नका. कुठे लांबवायच्या तिथे रेघ ओढा. हसू नका. ह्यांचा एकच शब्द आला होता, तो मी दार लावून घालवला असं मला वाटतं, आणि तो एकटा परत यायला तयार नाही.

डोळ्यांना त्रास होत असेल तर सुनेकडून लिहवून घ्या, पण शब्द तुम्ही सांगा, तिला ठाऊक नसणार. बाकी खुशाली मागाहून लिहिली तरी चालेल. एवढी एक ओळ मात्र पत्र पोचेल त्याच दिवशी, उलट टपाली कळवावी.